आमच्या खळ्यातलं जहाज

परवा नातू मोबाईल गोल फिरवून दाखवत होता, बघ आजी, बाण कसा वळतो. मी म्हटलं, बाळा, असला बाण मी मिरजगावच्या खळ्यात बैलगाडीवर काढलाय, बहात्तर साली... तो पोट धरून हसला. तुम्हीही हसा, पण आधी वाचा.

आमचे हे बोटीवर रेडिओ ऑफिसर. मी नगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. लग्नाला आठ महिने झालेले, त्यातले सहा महिने हे समुद्रावर. संसार कसला, नुसती पत्रापत्री.

त्या फेरीत ह्यांच्या बोटीचा विजेवर चालणारा कंपास बंद पडला. साधा कंपास होता, पण बोटीच्या पोटात सगळं लोखंड, त्यामुळे तो भलतंच दाखवायचा. धुक्यात बोट खडकावर जाता जाता वाचली.

उपग्रहावरून बोट कुठे आहे ते तेव्हा कळायला लागलं होतं. पण तिचं तोंड कुणीकडे आहे ते कळत नव्हतं. ह्यांनी ध्यासच घेतला, की बोटीच्या दोन टोकांना दोन एरियल लावायचे आणि उपग्रहाच्याच आवाजावरून दिशा काढायची.

घरी आल्यावर मामंजींच्या कानावर धुक्याचा प्रकार गेला. म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या. हे एकुलते एक. मामंजींनी सरळ सांगितलं, "आता बोट बंद. जमीन कोन बघनार?" हे म्हणाले, माझी युक्ती चालली तर पुन्हा असं होणारच नाही. झालं... पैज लागली. युक्ती खरी ठरली तर बोटीवर जायचं, नाही तर नांगर धरायचा. पाच अंशांपर्यंतची चूक माफ.

आता मिरजगावात जहाज कुठून आणणार? त्या दुष्काळाच्या साली गाडी रिकामीच उभी होती. ह्यांनी तिच्या लांबीला एक लांबलचक बांबू बांधला, दोन टोकांना दोन एरियल, आणि वायर माजघरात मांडलेल्या ह्यांच्या रेडिओपर्यंत ओढली.

उपग्रह सरकतो तसे दोन एरियलचे आवाज कधी एकमेकांना जोर देतात, कधी एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज कधी बुडाला त्या वेळा टिपायच्या, उपग्रहाच्या मार्गाचा तक्ता समोर ठेवायचा आणि गणित करायचं. गाडी कुठल्या रेघेत उभी आहे ते निघतं. तोंड कोणतं आणि शेपूट कोणतं ते मात्र निघत नाही, तेवढं आम्ही माफ करून घेतलं होतं.

हे कानाला हेडफोन लावून "आत्ता" म्हणणार, मी घड्याळ बघून लिहिणार. लॉग टेबल उघडून गणितही मीच करणार होते, कारण ह्यांचं गणित म्हणजे आनंदच. आम्ही दोघं आत असताना मामंजींनी आणि शेजारच्या सुभेदारकाकांनी गाडी मनाला येईल तशी फिरवून ठेवली.

दुपारी उपग्रह आला. हे "आत्ता" म्हणत गेले, मी वेळा लिहीत गेले. आणि खरं सांगते, वही समोर असताना मनात येऊन गेलं... एक आकडा इकडचा तिकडे केला तर हा माणूस कायमचा घरी राहील. लाज वाटते सांगायला, पण आलं होतं मनात.

नाही केला. उत्तर आलं, उत्तरेपासून पूर्वेकडे चाळीस अंश.

बाहेर सुभेदारकाकांनी त्यांचा फौजेतला कंपास गाडीच्या फळीवर ठेवला. अठ्ठावन्न. जमलेली मंडळी हसली. मामंजी हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. ह्यांनी माझी वही ओढून घेतली आणि चूक शोधत बसले. इतकं उतरलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

मी उंबऱ्यात उभी होते, डोक्यावर पदर. गणित मी दोनदा तपासलं होतं. नुसतं गप्प राहिलं तरी काम होत होतं माझं... आणि तेवढ्यात चाकांकडे लक्ष गेलं. बैलगाडी म्हणजे लाकडाची, हेच सगळ्यांच्या डोक्यात. पण चाकांवर त्याच महिन्यात नव्या लोखंडी धावा, म्हणजे जाड पट्ट्या, चढवलेल्या, आणि खाली आसही लोखंडाचा.

चार पुरुषांसमोर सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. मी उघडलं. म्हटलं, "काका, कंपास गाडीपासून वीस पावलं लांब न्या आणि बांबूच्या रेघेत बघा. बोटीत जे झालं तेच इथं होतंय."

काका गेले. वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "बेचाळीस," म्हणाले. हे वही टाकून उड्या मारायला लागले... सुभेदारकाकांना मिठी मारली, ती खरं तर मला मारायची होती, पण सगळे उभे होते ना.

संध्याकाळी मी ताट वाढत होते तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, तुमी बोलला नसता तर तुमचा मानूस घरी ऱ्हायला असता. कळत हुतं का?"

म्हटलं, "हो."

"मग?"

"मामंजी, उत्तर बरोबर होतं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "व्हय. बरोबरच हुतं." पंधरा दिवसांनी ह्यांची ट्रंक मामंजींनी स्वतः एस.टी.च्या टपावर चढवली.

पाच महिन्यांनी पत्र आलं. कॅप्टनसाहेबांनी डेकवर दोन एरियल बांधू दिले होते आणि भर समुद्रात जहाजाची दिशा बरोबर निघाली होती. मामंजी ते पत्र घेऊन आठवड्याच्या बाजारात फिरले. भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या सूनबाईचं गनित हाय हे."

हे आता नाहीत. मामंजी तर कधीच गेले. त्या वर्षी मी खूप रडले, पुढची कित्येक वर्षं वाट पाहण्यात गेली... पण तो चाळीसचा आकडा मी बदलला नाही, याचं समाधान आजही तसंच आहे.