राजाच्या ओळींवरची वाळू

बाबा गेल्यावर त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला मी दफ्तरखान्यात गेले. दक्षिणेतल्या एका मराठी राजाने मोहिमेवरून आईला लिहिलेलं मोडी पत्र होतं ते. वरचा मजकूर कारकुनाचा, सुबक. शेवटच्या चार ओळी राजाच्या हातच्या, वेड्यावाकड्या. बाबा म्हणायचे, "या राजाने नाटकं लिहिली, पदं लिहिली, पण अक्षर तुझ्याहून वाईट."

त्या ओळींत राज्यकारभार नव्हता. आपण लावलेल्या आंब्याला यंदा मोहोर आला का, एवढंच राजाने विचारलं होतं. मी ते बाबांच्या वहीत सावकाश उतरवलं. बाबाही बाहेरगावी गेले की पत्राच्या शेवटी विचारायचे, मोगऱ्याला पाणी घालतेस ना?

पूर्वी ओली शाई सुकवायला तिच्यावर बारीक वाळू टाकत. तिचे काही कण राजाच्या ओळींवर अजून चिकटलेले होते आणि खिडकीतल्या उन्हात चमकत होते.

पत्र परत ठेवायला शिपाईकाका मऊ कुंचला घेऊन आले.

"झटकू का, ताई? तुमचे बाबा, आमचे सर, तर हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत."

"राहू द्या, काका," मी म्हणाले. "शाई अजून ओली असेल."