सोमाने मोजलेले खडे

मला खोटं बोलता येत नाही, असा आमच्या घरात समज आहे. बायको पाहुण्यांनाही हसून सांगते, "यांचं तोंडच सगळं सांगतं." तो समज मी कधी मोडला नाही. आता जे सांगतोय ते तिलाही ठाऊक नाही — आणि तीही हे वाचणार, हे मला माहीत आहे.

नव्वदच्या दशकात मी पेठच्या बाजूला वनरक्षक होतो. मूळचे आम्ही नाशिकजवळच्या फुलांच्या मळ्यातले; घरात सरकारी नोकरी लागलेला पहिला मीच. माझ्या वाट्याला आलेला डोंगर, खरं तर, जंगल म्हणावं असा नव्हताच. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, धायटी आणि गुडघाभर वाळकं गवत. माघ संपला की ते गवत नुसतं खुळखुळायला लागायचं. वणवा येणार हे नक्की असायचं. कुठून, एवढंच कळायचं बाकी असायचं.

सोमा तिथल्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा. आता तो नाही. उन्हाळ्यापुरता तो आमच्याकडे राखणदार असायचा. वणवा विझला की आम्ही दोघं जळलेल्या रानाच्या कडेकडेनं चालायचो. शंभर पावलं झाली की सोमा एक खडा उचलून बंडीच्या खिशात टाकायचा. त्या खड्यांवरून घेर, घेरावरून जळालेलं रान — ते मी काढायचो आणि वहीत लिहायचो. त्याला अक्षरओळख नव्हती, पण खड्यात तो कधी चुकला नाही. पाऊस पडायच्या आत त्या सालचे सगळे खडे तो आपल्या दाराशी, कुडाला लागून रचायचा. दर सालाचा वेगळा ढीग.

आणि मी काय करत होतो? पहिल्या वर्षी मी खरं लिहिलं. साहेब म्हणाले, "मागच्या वर्षापेक्षा जास्त? तुम्ही काय झोपा काढत होता?" पुढच्या वर्षापासून मी आधी मागचं पान उघडायचो आणि त्याहून थोडं कमी लिहायचो. झुडपं ती झुडपं — पावसात पुन्हा फुटतात, कोण मोजायला येतंय? वहीतलं रान दर साली कमी कमी जळत गेलं. सोमाच्या दारातले ढीग मात्र वाढत गेले. वर माझं कौतुक झालं. त्या दारावरून जाताना मी मान फिरवायचो. खड्यांना कुणी घाबरतं का हो? मी घाबरायचो.

मग कागदावर वणवे आटलेत तर राखणदार कशाला, असं कुणाच्या तरी डोक्यात आलंच. नवं शतक लागलं तेव्हाची गोष्ट. सोमाला त्या उन्हाळ्यात कामावर घेतलं नाही. 'वरून आलंय,' एवढंच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या सायेब. रान हितंच हाय, मीबी हितंच हाय."

त्याच चैत्रात, भर दुपारी, डोंगर पेटला. आग कुठून आली ते मला आजही माहीत नाही. मी माणसं गोळा करतोय तोवर सोमा हिरवी डहाळी घेऊन एकटाच आत शिरला होता. कामावर नसताना! त्याला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. त्याची बायको मंजुळा त्याला जीपमध्ये घालून नाशिकला घेऊन गेली. इकडे सगळा डोंगर काळा झाला. पार रस्त्यावरून दिसत होता. आता कमी कसं लिहिणार? सकाळी साहेब येणार होते आणि एकच विचारणार होते — दर वर्षी वणवे कमी होताहेत ना, मग हा कुठून आला?

इथवर सांगायला सोपं होतं.

तुम्हाला राब ठाऊक आहे का? तिकडे भाताचं बी टाकण्याआधी वाफ्यावर शेण, डहाळ्या, पाला पसरून ते सगळं भाजतात. वाऱ्यात भाजला तर ठिणगी रानात जाते. सोमाचा राब डोंगराच्या पायथ्याशी रचलेला होता. भाजलेला नव्हता. आग त्याच्या बांधाशी येऊन वर वळली होती. संध्याकाळी मी तिथं गेलो. आसपास कुणी नव्हतं. मी खाली बसलो — आणि काडी ओढली. तो विझेपर्यंत शेजारी उभाही राहिलो, आग कुठे पसरू नये म्हणून. केवढी ही काळजी! सकाळी पंचनाम्यात लिहिलं : राब भाजताना निष्काळजीपणा. पंचांनी राख पाहिली आणि अंगठे उठवले. जळालेल्या क्षेत्राची जागा मी मोकळी सोडली. मोजायला सोमा नव्हता ना.

तो महिन्याभरानं परत आला. तो भांडेल, शिव्या देईल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तो राबाच्या राखेपाशी जाऊन उभा राहिला. "राब म्या पेटवल्याचं ध्यानात नाय," म्हणाला, "पर त्या सकाळी हितं बसून बिडी वढली व्हती. तिचंच झालं असंल. तुमी लिवलंय ना? इतकी सालं लिवताय, कदी चुकलं का तुमचं?"

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता, आणि मी तो जाऊ दिला. पुढे जगला तोवर सोमानं राब भाजला नाही. दुसऱ्यांच्या राबापाशीही तो उभा राहत नसे.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, हातांच्या पट्ट्या तशाच असताना, तो जळालेल्या डोंगराच्या कडेनं चालून आला. पावलं त्यानं मोजली, खडे मंजुळानं उचलले. तिनं पदरातले खडे माझ्यासमोर ओतले. "लिवा सायेब," सोमा म्हणाला, "हे समदं माझ्यामुळं."

मी खडे मोजले, वही उघडली, आणि इतक्या वर्षांनी एकही खडा न गाळता सगळं लिहिलं.