तेल दाखवण्याचा कार्यक्रम

"गळत नाय साहेब, घाम येतोय. काम करणाऱ्याला घाम येणारच." पंपाखाली साचलेल्या तेलाच्या थारोळ्याकडे बघून मध्यस्थकाका हे इतक्या मायेने म्हणाले, की क्षणभर मलाच पंपाची दया आली. मग त्यांनी थारोळ्यावर लाकडाचा भुसा पसरला, हात झटकले आणि ते पुढच्या यंत्राकडे गेले. सातपूरच्या आमच्या रबराच्या कारखान्यात ते तेलपाणी बघत. कुठल्या यंत्राला कुठलं तेल, ते कधी घालायचं, कधी बदलायचं, हे सारं त्यांच्याकडे होतं. त्यातलं बदलायचं त्यांच्या सहसा लक्षात राहत नसे.

मध्यस्थ हे नाव त्यांना कामगारांनी दिलं होतं. सुट्टीच्या दिवशी काका धुतलेली टोपी घालून लग्नं जमवत हिंडायचे. वणीपासून सायखेड्यापर्यंत त्यांनी जमवलेली जोडपी सापडतील आणि त्यातली निम्मी त्यांच्या नावाने बोटं मोडताना सापडतील. रोज दारू पिणाऱ्या मुलाला त्यांनी "चार माणसांत मिसळणारा" म्हणून खपवलं. सासूला पहिल्याच आठवड्यात घराबाहेर काढणारी मुलगी त्यांच्या मते "कामाला उरकती" होती. कोणी जाब विचारायला आलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मी खोटं बोललो नाय. तुम्ही नीट विचारलं नाय."

माझंही लग्न त्यांनीच जमवलं. ऐंशी सालच्या आगेमागे मी तिथे देखभाल विभागात नवा सुपरवायझर होतो, अजून प्रोबेशनवर. सायखेड्याला मुलगी बघायला गेलो, तर मुलीच्या वडिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नोकरी परमनंट आहे ना?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "परमनंट काय विचारता पाव्हणं? आख्खा कारखाना ह्यांच्यावर चालतोय." मी पोहे खात राहिलो. मुलगी मला फार आवडली होती. गप्प बसायला हे कारण पुरेसं नाही, हे तेव्हाही कळत होतं, पण पोहेही चांगले होते. लग्न वैशाखातलं ठरलं आणि वैशाखाच्या आत मला परमनंट होणं भाग पडलं.

त्याच सुमाराला आमच्या मॅनेजरसाहेबांना तेल तपासण्याचं वेड लागलं. दर महिन्याला यंत्रांतल्या तेलाची एकेक बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायची. आत गिअरचे दाते झिजायला लागले, की लोखंडाचा चुरा तेलात उतरतो. म्हणजे यंत्र न उघडता त्याचं दुखणं आधीच कळतं. "हे नीट चालवून दाखव, तुझी ऑर्डर काढतो," असं साहेब मला म्हणाले. मी बाटल्या काकांकडे सोपवल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, त्या अशाच देत असावेत.

रिपोर्ट फक्कड आले. रबर मळणाऱ्या मोठ्या रोलरांचा गिअरबॉक्स वयाने माझ्याहून फारसा लहान नसेल, पण त्याचं तेल मुंबईच्या मते तरणंबांड होतं. साहेबांनी तो रिपोर्ट नोटीसबोर्डावर लावला. मी दिवसातून दोनदा कारण नसताना तिथून जायचो.

पुढच्या महिन्यात काका बाटली भरताना मला दिसले. अर्धी बाटली त्यांनी नव्या ड्रममधून भरली, उरलेली गिअरबॉक्समधून, आणि खळखळून हलवली.

"काका, हे काय चाललंय?"

"साहेब, दाखवायच्या दिवशी पोरीला जुन्या लुगड्यात बसवतं का कोणी?"

"पण आत दाते झिजत असतील तर?"

"असतील. कोणाच्या घरात झिजत नाय? मुंबईवाला काय नवे दाते बसवून देणार हाय?" त्यांनी बाटलीला बूच लावलं. "रिपोर्ट चांगला आला, की तुम्ही परमनंट. तुम्ही परमनंट झाला, की सायखेड्यात माझा शब्द खरा."

मग त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी सहीसाठी माझ्यापुढे धरली. मी सही केली. पुढचे तीन महिनेही करत राहिलो.

होळीच्या आधी चार दिवस भरपाळीत गिअरबॉक्स फुटला. नशिबाने कोणाला इजा झाली नाही. झाकण उघडलं, तर तळाशी काळा चिखल आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा. नवे गिअर यायला महिना लागणार होता, तोवर शंभरेक माणसं घरी बसली.

साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. टेबलावर एका बशीत तो चिखल ठेवला होता आणि शेजारी माझ्या सहीचे चार कागद. काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बाटल्या मी भरल्या. अर्ध्या ड्रमातल्या," ते म्हणाले.

"सही ह्याची आहे. ह्याला ठाऊक होतं?" साहेबांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्यांना? ह्यांना तेलातलं काय कळतंय साहेब? बोट दाखवू तिथं सही करणारं पोरगं हाय ते."

साहेब हसले. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी आपण होऊन काही सांगितलं नाही. माझी हुशारी त्या एका वाक्यात निकालात निघाली आणि नोकरी वाचली.

काकांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी बसलेले कामगार आधीच चिडलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी फारसं भांडलं नाही. दोष सगळा काकांच्या नावावर गेला आणि माझी ऑर्डर चैत्रात निघाली. सायखेड्याला नेऊन दाखवली, तेव्हा सासऱ्यांनी ती देवापुढे ठेवली.

लग्नात सासरे मध्यस्थाच्या मानाचं टोपी-उपरणं हातात घेऊन मांडवभर काकांना शोधत होते. शेवटी माझ्याकडे आले. मी म्हणालो, "त्यांना आज वणीकडे दुसरं लग्न आहे." पत्रिका मी काकांना दिलीच नव्हती.