वडप्याची हळद आणि ताऱ्याचा भडका

"हळदीला ये, मटण आहे," सुवर्णा फोनवर म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. मग तिने हळूच पुस्ती जोडली, "आणि मी परदेशी चाललेय, हे आबांना सांगायचंय. तू असलीस तर ते कमी ओरडतील." मटण आधी आणि आबा नंतर, यालाच संशोधकाची शिस्त म्हणत असावेत.

सुवर्णा माझी हॉस्टेलची मैत्रीण. अवाढव्य तारे मरतात कसे, याचा ती अभ्यास करते. तिला दूरच्या एका डोंगरावरल्या दुर्बिणीवर दोन वर्षांचं काम मिळालंय. इकडे तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, भिवंडीजवळच्या वडप्याच्या भातशेतीत तिच्या नावाने गोडाऊन बांधायला घेतलंय. पोरीने जवळ राहावं आणि भाडं खावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

नाशिकहून येणाऱ्यांनी कंडक्टरला आधीच सांगून ठेवावं, बस वडप्याला थांबतेच असं नाही. आमचा कंडक्टर म्हणाला, "ट्रॅफिकमध्ये उभीच असेल, उतरा आरामात." तसंच झालं. दोन्ही बाजूंना कंटेनर आणि गोडाऊन. निसर्ग हवाच असेल तर पत्र्यांवरचं ऊन बघावं. बरं दिसतं, खरंच.

हळद सुवर्णाच्या चुलतभावाची होती. दुपारीच डीजे सुरू. स्पीकरची भिंत अंगणाच्या तोंडाशी, समोरच्या घरावर रोखलेली. आम्ही मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन मागच्या पडवीत बसलो. तिथे चक्क बोलता येत होतं.

"तू नक्की बघतेस तरी काय गो?" तिच्या आत्याने विचारलं.

"आत्या, मोठा तारा आतून कोसळतो आणि फुटतो. कधीकधी त्यातून दोन बाजूंना झोत सुटतात. झोत आपल्याकडे असला तर गॅमा किरणांचा भडका दिसतो."

"आणि नसला तर?"

"आपण आता पडवीत बसलोय ना, तसं. डीजे वाजतोच आहे, पण काचा समोरच्यांच्या हलतायत."

आत्याला पटलं. "मंग तारा फुटला ह्ये कसं कळतं?"

"भडका काही सेकंदांत संपतो. मग फुटलेल्या ताऱ्याचा स्वतःचा उजेड हळूहळू चढतो. त्याला पंधरा दिवस लागतात. तो दिसला म्हणजे कळतं, भडका ताऱ्याच्या मरणाचाच होता."

"मंग त्यासाठी लांब कशाला जातेस? आपल्या वडप्यातून दिसत न्हाय?"

तेवढ्यात आबा आले, गालाला हळद, हातात भाकरीची पाटी. सुवर्णाने डोळे मिटून एका दमात सगळं सांगून टाकलं.

"जा! उद्याच जा!" आबांनी पाटी आपटली. "कुणासाठी बांधतो मी? उंदरांसाठी?" आणि ते थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले. तिथे कुणी त्यांच्याशी बोलू शकणार नव्हतं. मी सोबत असल्याचा एवढा उपयोग झाला.

सकाळी शेअर रिक्षा बदलत आम्ही अकलोलीच्या गरम कुंडांवर गेलो. लवकर जा, नंतर गर्दी होते. पाय एकदम घालू नका, मी घातला. सुवर्णा काठावर बसून रडत होती. मलाही भरून आलं.

"भडका तर झाला," मी म्हटलं. "आता उजेड येईल."

"काही वेळा येतच नाही," ती नाक पुसत म्हणाली. "कितीही वाट बघितली तरी. आबा गेले महिनाभर विटा मोजतायत गं माझ्या नावाच्या. ते बोललेच नाहीत तर मी कशी जाऊ?"

संशोधकांना खोटा धीर देता येत नाही, ही त्यांच्याशी असलेल्या मैत्रीतली मोठीच अडचण.

नाशिकला घरी आले. भाजलेला तळवा, कानातली शिट्टी आणि बॅगेला आत्याने दिलेल्या सुकटीचा वास, एवढं माझ्यासोबत आलं. वास अजून आहे. सुवर्णाला रोज विचारायचे, "बोलले?" रोज उत्तर, "नाही."

परवा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी वडप्यावरून, सुवर्णीचा आबा. त्या दुर्बिणीच्या डोंगरावर थंडी किती असते?"

"खूप, आबा."

"अख्ख्या भिवंडीत कापड हाय, पण गरम न्हाय. तुमच्या नाशकात चांगला कोट मिळल? तिच्या मापाचा घेऊन ठेव." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मी विचारलं म्हणून सांगू नको तिला. मी अजून रागात हाय."