लेबलावरचा फोटो

१४ मार्च, मंगळवार. सकाळी बराच वेळ वीज नव्हती. ओव्हरलॉकच्या मशीनला तेल घातलं. निळ्या शर्टांची काजं होत आली. आज पहिल्यांदाच एक गिऱ्हाईक लेबल हातात घेऊन शिवणारीला भेटायला आलं.

आजी वहीत हे लिहीत होत्या, तेव्हा ते गिऱ्हाईक समोरच्याच खुर्चीत बसून पाणी पीत होतं. नीट भांग पाडलेला, मऊ बोलणारा माणूस. आजींनी त्याला खुर्ची स्वतः पुसून दिली होती. त्या आणि त्यांची शाळेपासूनची मैत्रीण अशा गिऱ्हाइकाची किती दिवस वाट पाहत होत्या.

मैत्रिणीला सगळे तोफ म्हणत. कॉन्व्हेंट शाळेत प्रार्थनेलाही तिचा आवाज सिस्टरांच्या वर जायचा. नवरा गेल्यावर आजी घरात नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा तोफेनंच त्यांना ओढून बाहेर काढलं आणि दोघींनी हा कारखाना सुरू केला. गिरण्यांत उरलेलं कापड आणायचं, शिवणाऱ्या बायकांना रास्त मजुरी द्यायची आणि प्रत्येक कपड्यावर शिवणारीचा फोटो, नाव आणि कारखान्याचा पत्ता लावायचा. "अंगावरचा कपडा कुणी शिवला, हे माणसाला कळायला नको?" तोफ म्हणायची. लेबलाची कल्पना मात्र आजींची.

फोटो काढताना शिवणाऱ्यांपैकी एकटीच मागं सरली होती. काजं-बटणं ती करायची, म्हणून सगळ्या तिला काजवाली म्हणत. "माझा नको," एवढंच ती म्हणाली. दोघींना वाटलं, लाजते आहे. "अगं, चोरी केली आहेस का? मान वर कर," असं तोफ म्हणाली आणि आजींनी तिच्या कपाळावरचे केस स्वतःच्या हातानं मागं सारले.

आता आजींनी कौतुकानं आत हाक मारली, "काजवाले, बाहेर ये. बघ तुला भेटायला कोण आलंय."

ती हसत आली. दातांत धरलेला दोरा तसाच राहिला, हसू गेलं.

"चल घरी," तो माणूस म्हणाला. आवाज तसाच मऊ.

ती हलली नाही. आतली मशिनं एकेक करून थांबली. तिचा हात नकळत मानेकडे गेला. कॉलरखाली भाजल्याची जुनी खूण होती. आजी ती रोज बघत आणि कधीतरी इस्त्रीचा चटका बसला असेल, असं धरून चालत. त्यांनी टेबल घट्ट धरलं.

कापड कापायचं सोडून तोफ बाहेर आली. "आपण कोण?"

"तिचा नवरा."

"असाल. इथं नवऱ्यांची मापं घेत नाहीत. उठा."

तो उठला. सगळ्याजणी कात्र्यांसकट दारात येऊन उभ्या होत्या. त्यानं लेबल जपून खिशात ठेवलं. "घाई नाही," तो आजींना म्हणाला. "पत्ता तुम्हीच छापलाय. पुन्हा येईन."

तो गेला तशी तोफ पोलिसांना फोन लावू लागली. काजवाली पिशवी भरू लागली.

"कुठं निघालीस?" आजींनी विचारलं.

"जिथं फोटो लावत नाहीत तिथं. इथं मला झोप लागायची, आजी."

"तू तेव्हाच सांगितलं असतंस तर..." आजी म्हणाल्या. तोफेनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की वाक्य तिथंच मोडलं.

"नको म्हटलं होतं," काजवाली म्हणाली. "अजून काय सांगायचं असतं?"

आजींनी तिच्या पिशवीचा बंद धरला. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे चल. मी एकटीच असते."

"तुमच्या घरचा पत्ता कुठं छापलाय का?"

"नाही."

"नक्की?"

आजींनी खरोखर आठवून पाहिलं. "नाही गं. कुठंच नाही."

"मग येते. आजच्यापुरती."

तोफेनं दोघींना गाडीत घालून, मुद्दाम वाट वाकडी करून घरी सोडलं. सगळी वाट ती एक अक्षर बोलली नाही. असं आजींनी जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: काजवालीला मागची खोली दिली. तिच्या दाराच्या कडीचे स्क्रू ढिले आहेत. सुतार उद्या सकाळी येतो म्हणाला.