मंगळवारचा कडक उपास

समस्त जनतेस कळविण्यात येते की, जळकोटजवळ हायवेवर उभे राहणारे आमचे हवालदारसाहेब दर मंगळवारी देवीचा कडक उपास करतात. एरवी ते ऊसतोड मजुरांची ट्रॉली अडवून एक कोंबडी उचलतात आणि वर मायेनं "जपून जावा," म्हणतात. गेल्या मंगळवारी मात्र कोंबडी पुढं येताच त्यांनी कानाला हात लावले.

"आज शिवणार न्हाय," ते केळं सोलत म्हणाले. "ट्रॉली इथंच ठिवा. उद्या उपास सुटला की कोंबडी देऊन जावा."

समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्या मला हसू फुटणार, तेवढ्यात ट्रॉलीतली पोटुशी बाई कळांनी किंचाळली. तिची सासू कडाडली, "सायेब, तुमचा उपास सुटंस्तोवर हिनं बाळंतपण दाबून धरावं व्हय?"