साडूची ओक्लाहोमातली शिकार

माझा साडू शिकारी झाला, हे मला फॅमिली ग्रुपवरच्या फोटोतून कळलं. फोटो मेहुणीने टाकला होता. टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आपल्या घराच्या ड्राइव्हवेमध्ये साडू उभा. टोपीपासून बुटापर्यंत सगळ्या अंगावर पानाफांद्यांची छपाई, खांद्यावर कोरी करकरीत रायफल आणि चेहऱ्यावर लढाईला निघाल्याचा भाव. मागे गॅरेजचं पांढरं दार होतं. लपायला आजूबाजूला एक झुडूपसुद्धा नव्हतं. खाली नातेवाइकांनी अंगठे दाखवले होते आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

मी स्वतः शिकार करतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून मी कुणी प्राणिप्रेमी आहे असा समज व्हायचा. मी कोल्हापूरचा. रविवारी घरात मटण शिजलं नाही तर कुणीतरी आजारी असणार, अशा घरात वाढलो. व्हर्जिनियात हर्नडनला घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात हौसेने वांगी आणि मेथी लावली आणि हरणांनी ती देठासकट खाल्ली. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, वैतागण्यापेक्षा शिकार शीक. तो मला इथून तासाभरावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे घेऊन गेला. त्याचं सोयाबीन हरणं फस्त करत होती, म्हणून त्याने हसत परवानगी दिली. तेव्हापासून दर थंडीत मी तिथे एखाद्या झाडाला पाठ लावून बसतो. एखाददुसरी मादी मिळते. मी ती सोलतो, साफ करतो, तुकडे करून फ्रीझरमध्ये भरतो. बायको कांदालसूण चटणी घालून रस्सा करते. माझी शिकार एवढीच. तिचा फोटो आजवर कुठल्या ग्रुपवर गेलेला नाही.

तर त्या फोटोनंतर साडूचा फोन आला.

"दादा, यावर्षी तू माझ्याबरोबर ओक्लाहोमाला चल. एक रँच बुक केलंय. मॉन्स्टर बक्स आहेत तिथे, ही एवढ्या शिंगांचे नर."

"आणि घराजवळची हरणं काय वाईट आहेत?"

"अरे, तू त्या माद्या मारतोस. ती काय शिकार आहे का, यार! शेळ्या आहेत त्या."

मी बेत काय आहे ते विचारलं. विमानाचं तिकीट, परराज्यातल्या शिकाऱ्यासाठी वेगळं आणि भलतंच महाग लायसन्स, रँचची फी, शिवाय शिंगांच्या आकाराप्रमाणे वेगळा दर. त्याने आकडा सांगितला तेव्हा मी आधी हसलो. तेवढ्या पैशांत मला काही वर्षं रोज बोकड खाता आला असता. मी नाही म्हटलं.

बायको शेजारीच बसून ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊन ये एकदा. न बघताच तू त्याला नावं ठेवतोयस. बघून आलास की निदान हक्काने ठेवशील."

या एका मुद्द्यावर मी गेलो. नोव्हेंबरात डॅलसला उतरलो आणि तिथून साडूच्या ट्रकमधून उत्तरेला निघालो. हा ट्रकही नवा होता. मागे इतकं सामान होतं की आम्ही शिकारीला नाही, बिऱ्हाड हलवायला निघालोय असं वाटावं. हात गरम ठेवणाऱ्या पिशव्या, माणसाचा वास मारणारा साबण, नराला भुलवायला हरणिणीच्या मुताची बाटली. हो, तीही विकत मिळते आणि माझ्या साडूने ती घेतली होती.

"प्रॅक्टिस केलीस का?" मी विचारलं.

"दुकानवाल्यानेच रायफल सेट करून दिलीय. स्कोप असला भारी आहे दादा, आपण फक्त ट्रिगर दाबायचा."

रँचचा मालक साठीचा, गोड बोलणारा, पक्का धंदेवाईक माणूस होता. पोचल्यावर त्याने आम्हाला कॉफी दिली आणि टॅब्लेट पुढे केला. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले नरांचे फोटो त्यात होते. प्रत्येक नराला नाव ठेवलेलं होतं, वय लिहिलेलं होतं आणि शिंगांच्या मापाप्रमाणे वर्ग ठरवलेला होता. साडू फोटो पुढे सरकवत होता. मेहुणीच्या लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी स्थळांचे फोटो असेच पाहिले होते. शेवटी त्याने एक रुंद शिंगांचा नर पसंत केला.

"हा कुठे भेटेल?" मी मालकाला विचारलं.

"दोन नंबरच्या मचाणासमोर," मालक म्हणाला. "साधारण पाचच्या सुमाराला येतो."

मी साडूकडे पाहिलं. त्याला यात काहीच विचित्र वाटलं नव्हतं.

मचाण म्हणजे लोखंडी पायांवर उभी केलेली खोलीच होती. आत गालिचा, फिरत्या खुर्च्या, गॅसचा हीटर आणि सरकत्या काचा. समोर मोकळ्या जागेत तीन पायांवर एक पिंप होतं. ठरलेल्या वेळेला पिंपाखालची चकती घरघरत फिरायची आणि मका चहूकडे उडायचा. पहिल्या संध्याकाळी ती घरघर झाली आणि मिनिटाभरात झाडांतून हरणं बाहेर आली. लपतछपत नाही, कान टवकारून नाही. शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखी आली आणि दाणे वेचायला लागली. एक धष्टपुष्ट मादी तर आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आमच्या पॅकेजमध्ये एक मादी होती. साडू कुजबुजला, "मार ना दादा."

मी मारली नाही. मला दया आली नव्हती. लाज वाटली होती. मी रायफल पुन्हा कोपऱ्यात ठेवली. साडूने ग्रॅनोला बार उघडला.

दुसऱ्या संध्याकाळी तो रुंद शिंगांचा नर आला. अगदी मालक म्हणाला होता त्या वेळेला, फोटोत होता तसाच. तो मक्याकडे गेला नाही, कडेला माद्यांच्या मागे थांबला. साडूचा श्वास मला ऐकू येत होता. नर अजून तिरका उभा होता. मी म्हणालो, "थांब, वळू दे त्याला." साडूने ट्रिगर दाबला.

नराने उडी मारली नाही. तो पाठीत वाकला, पोटात कळ आल्यासारखा, आणि हळूहळू चालत झाडीत गेला. मला समजलं. गोळी पोटात लागली होती.

"हिट! हिट केलं मी त्याला!" साडू माझा खांदा हलवत होता.

"पोटात लागलीय," मी म्हणालो. "आता त्याचा तासन्‌तास जीव जाणार नाही."

मालकानेही तेच सांगितलं. लगेच मागे गेलो तर हरीण उठून आणखी लांब पळेल, सकाळी शोधू, म्हणाला. साडूने त्यावर एकच प्रश्न विचारला. नाही सापडलं तर उद्या दुसरं मारता येईल का? मालक शांतपणे म्हणाला की रक्त सांडलं की ते हरीण तुमचंच, सापडो न सापडो. ही अट आधी मान्य करून घेतलेली होती. मग मात्र साडू भडकला. जेवणाच्या टेबलावर तो त्या अन्यायाबद्दल बोलत राहिला. तिकडे अंधारात एक जनावर पोट फाटून पडलं होतं आणि इथे हा माणूस रिफंडबद्दल बोलत होता. मी ताट उचलून खोलीत जाऊन जेवलो.

सकाळी बारीक पाऊस होता आणि वारं असं की कान दुखावेत. मी आणि मालक निघालो. साडू शेकोटीजवळ कॉफी घेऊन बसला होता.

"चल," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढे. मला ऑफिसचा एक कॉल आहे."

"शनिवारी?"

"सापडलं की फोन कर ना दादा. मी येतोच."

रक्ताचे थेंब पावसाने धुतले होते. सीडरच्या झुडपांतून आम्ही दोघं वाकून वाकून हिंडलो. माझे हात काट्यांनी ओरबाडले. बऱ्याच वेळाने एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात नर दिसला. आमच्या आधी कायोटी, म्हणजे इकडचे कोल्हे, पोचले होते. मागचे दोन्ही पाय आणि पोट त्यांनी खाल्लं होतं. मी पुढच्या खांद्याजवळ सुरी लावून पाहिली. वास आला. इतकं मोठं जनावर आणि त्यातलं एका जेवणापुरतंही मटण हाती लागणार नव्हतं.

मालकाने फोन केला. साडू गाडीतून आला. कोरड्या कपड्यांत, पानाफांद्यांची टोपी नीट बसवून. पात्रात उतरायच्या आधीच त्याने वरून विचारलं, "शिंगं ठीक आहेत ना?"

शिंगं ठीक होती. कोल्ह्यांना शिंगांत रस नसतो.

तो गुडघ्यावर बसला. त्याने एका हाताने हरणाचं डोकं शिंगाला धरून वर उचललं आणि दुसऱ्या हाताने फोन माझ्यापुढे धरला. "दादा, असा अँगल घे की मागचं दिसणार नाही."

"मी नाही काढणार," मी म्हणालो.

"का? काय झालं?"

खरंच त्याला कळलं नव्हतं. फोटो मालकाने काढला. तो सराईत होता. त्याने कडेचं गवत थोडं पुढे ओढलं आणि खाल्लेला भाग झाकला. दुपारपर्यंत फोटो ग्रुपवर गेला. मेहुणीने लिहिलं, प्राउड ऑफ यू. पुण्याहून एका मावशींनी सांभाळून राहायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर साडू ट्रक चालवत होता. मग तोच म्हणाला, "तू मला मूर्ख समजतोस ना?"

मी ट्रकचा हीटर कमी केला.

"आमच्या गल्लीत सगळे शिकारीबद्दल बोलतात, दादा. बार्बेक्यूला गेलो की एका बाजूला बायका आणि एका बाजूला हे. इतकी वर्षं मी बिअर धरून नुसती मान हलवत उभा राहिलोय. आता माझ्याकडेपण सांगायला काहीतरी आहे."

ते ऐकून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत टिकली. तिथे हॉटडॉग घेऊन तो ट्रकमध्ये बसला आणि म्हणाला, "मात्र कोल्ह्यांचं नाही हं सांगणार. ट्रॅकिंग मीच केलं म्हणून सांगतो."

घरी आलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "मग? पैसे वसूल?"

मी तिला सगळं सांगितलं. म्हणालो, परराज्यात जाऊन शिकार करायला माझी ना नाही. कुणाला डोंगर बघायचा असेल, वेगळं रान तुडवायचं असेल, तर जावं, पैसे खर्च करावेत. पण हे लोक रान तुडवायला जातच नाहीत. दुसऱ्याने मका घालून माणसाळवलेलं जनावर ते दुसऱ्याच्या हीटरजवळ बसून मारतात, तेही धड मारत नाहीत. त्यांना हवा असतो एक फोटो. त्यासाठी मी यापुढे डॅलसच काय, दोन तासांवरच्या रिचमंडपर्यंतसुद्धा जाणार नाही.

"आता ठेव नावं," ती म्हणाली. "आता तुझा हक्क आहे."

काही महिन्यांनी पेंढा भरलेलं डोकं फ्रिस्कोला आलं. साडूने ते हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं. त्याच सुमाराला सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या दोन दिवस त्या डोक्याकडे पाठ करून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला सांगितलं, "याला झाकून तरी ठेव, नाहीतर मला थोरलीकडे पाठव." डोकं गॅरेजमध्ये गेलं.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या थंडीत साडू कामासाठी आमच्याकडे आला आणि रविवारी माझ्याबरोबर येतो म्हणाला. मी त्याला त्या म्हाताऱ्याच्या शेतावर नेलं. एका ओकखाली बसवलं आणि हलू नको म्हणून सांगितलं. मी बांधापलीकडे बसलो. उजाडून थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात त्याचा मेसेज आला. इथे बाथरूम कुठे आहे? मग दुसरा. मक्याचा फीडर किती वाजता चालू होतो? मी फोन खिशात ठेवला. थोड्या वेळाने तो उठून, पालापाचोळा तुडवत, गाडीत जाऊन बसला. इंजिन चालू केल्याचा आवाज मला बांधापलीकडे ऐकू आला.

दुपारच्या आत मला एक मादी मिळाली. ओढत आणायला मी त्याला हाक मारली. तो आला, त्याने एक पाय धरला आणि अर्ध्या वाटेत कंबर धरून उभा राहिला. पोट साफ करताना त्याने तोंड फिरवलं.

काही दिवसांनी तो परत निघायच्या आधी बायकोने रस्सा केला. साडू तीनदा वाढून घेऊन जेवला. कपाळावर घाम आला होता, नाक वाहत होतं, आणि तो भाकरीने वाटी पुसत होता.

"एक नंबर झालंय," तो म्हणाला. "खरंच, दादा. मला वाटायचं हरणाला वास येतो."

"मग पुढच्या वर्षी इथेच ये की," बायको म्हणाली. "एवढे पैसे घालून ओक्लाहोमाला कशाला जायचं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. लहान मुलाने काहीतरी वेड्यासारखं विचारल्यावर बघावं तसं.

"अगं ताई, पण याला शिंगं कुठे आहेत?" असं म्हणून त्याने फोन काढला आणि तो आम्हाला कॅन्ससमधलं एक रँच दाखवायला लागला. तिथल्या मचाणात वायफाय होतं.